‘मेडिकलमधून घेऊन टाकू’ तिकडं चालत नाही

सांगलीतलं माझं औषधांचं दुकान आता पुतण्या बघतो. मी संध्याकाळी सवयीनं जाऊन गल्ल्यामागं बसतो. अलीकडं एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. साठी ओलांडलेलं जोडपं, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, आणि नवरा सांगतो, "सहा महिन्यांची द्या सगळी. मुलाकडं चाललोय, अमेरिकेला." मुलगी असेल तर बहुधा बाळंतपणाला. गोळ्या मोजून होईपर्यंत बायको हळूच विचारते, "तिकडं काही लागलंच तर मेडिकलमध्ये मिळतं ना?"

हा प्रश्न आला की मी पुतण्याला चहा सांगायला लावतो आणि दोघांना बसवून घेतो. उत्तर लांबलचक आहे.

सांगलीत दुखणं आणि औषध यांच्यामध्ये फार तर एक चौक असतो. पोट बिघडलं, घसा धरला, अंग मोडून आलं की माणूस दुकानात येतो, काय होतंय ते सांगतो आणि पाच मिनिटांत पुडी घेऊन जातो. ॲन्टिबायोटिक चिठ्ठीशिवाय देऊ नये हा नियम आपल्याकडंही आहे. पट्टीवर लाल रेघ असते ती त्यासाठीच. ती रेघ गिऱ्हाइकं किती जुमानतात आणि दुकानदार किती, हे या धंद्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसानं न बोललेलंच बरं. अमेरिकेत नियम म्हणजे नियम. औषधांची दुकानं चिक्कार आहेत, आपल्या सुपरमार्केटएवढाली आहेत, पण ॲन्टिबायोटिक किंवा रक्तदाबाची गोळी तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हातात पडत नाही. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालत नाही, मग तिच्यावर कितीही पदव्या छापलेल्या असोत. व्हॉट्सॲपवर इथल्या डॉक्टरांचा सल्ला मिळेल, औषध मिळणार नाही.

म्हणजे दुखणं आलं की आधी डॉक्टर गाठायचा, तिथवर न्यायला मुलानं रजा काढायची आणि पैसे द्यायला विमा लागणार. एवढा व्याप नको म्हणून आपली माणसं गप्प बसतात, आणि तब्येत बिघडते ती तिथं. हवेला आणि पाण्याला लोक उगाच बोल लावतात.

आमच्या घरातही तेच झालं. मुलगा न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला राहतो. आम्ही पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये. मुंबई ते न्यूअर्क थेट विमान, सुमारे १६ तास. आम्हाला जागा वेगवेगळ्या मिळाल्या. पत्नी मधल्या रांगेत, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये, आणि दोघंही पांघरूण ओढून झोपलेले. "त्यांना सारखं कुठं उठवायचं," म्हणून तिनं पाणी पिणंच जवळजवळ बंद केलं. तिला मधुमेह आहे. विमानातली हवा मे महिन्यातल्या सांगलीपेक्षा कोरडी असते, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची लांब रांग, मग सामान, मग गाडी. लघवी तुंबवून ठेवणं आणि पाणी न पिणं या दोन्ही गोष्टी तिनं जवळपास दिवसभर केल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला उन्हाळी लागली. सांगितलं कुणालाच नाही. सुनेला कसं सांगायचं, मुलाला तर त्याहून नाही, आणि नवऱ्याला सांगितलं तर तो दुकान उघडून बसणार. धने-जिऱ्याचं पाणी करून पीत राहिली. सुनेला वाटलं पित्तासाठी असेल. निघताना शेजारणीनं "असू दे जवळ" म्हणून चार गोळ्या दिल्या होत्या. त्यातल्या दोन घेतल्या, जळजळ कमी झाली, उरलेल्या पर्समध्ये ठेवून दिल्या. पुढच्या शनिवारी रात्री हुडहुडी भरून ताप चढला, १०३. उजव्या कुशीत, पाठीच्या बाजूला दुखत होतं आणि बोलणं असंबद्ध व्हायला लागलं होतं.

लघवीला जळजळ आणि सोबत हुडहुडीचा ताप, बरगड्यांखाली पाठीत दुखणं, उलट्या, असं दिसलं तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेत असं समजावं. मधुमेही माणसानं त्यावर रात्र काढू नये, देश कुठलाही असो. मुलानं थेट रुग्णालयाच्या इमर्जन्सीत नेलं. सलाईनमधून ॲन्टिबायोटिक, रक्त-लघवीच्या तपासण्या, सीटी स्कॅन, एक रात्र मुक्काम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. पुढच्या गोळ्यांची चिठ्ठी कागदावर दिलीच नाही. ती रुग्णालयातून संगणकानं घराजवळच्या फार्मसीत गेली. कोणती फार्मसी, हे विचारतात; तो पत्ता आधीच ठरवून ठेवावा.

त्या रात्री काही गोष्टी अशा कळल्या की ज्या पॉलिसीच्या माहितीपत्रकात नसतात. पैसे आहेत का, विमा आहे का, यावर तपासणी अडत नाही. तिकडं १९८६ सालचा कायदा आहे, त्यानुसार इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही तपासणं आणि जिवाचा धोका टळेपर्यंत उपचार करणं रुग्णालयांना भाग आहे. दुसरं म्हणजे दुभाषा. मोफत असतो, हक्कानं मागता येतो, आणि हे आपल्या बहुतेकांना ठाऊकच नसतं. "मराठी" म्हटल्यावर नर्सनं चाकांच्या स्टँडवरचा टॅब्लेट आणला, फोन जोडला आणि पलीकडून एक बाई मराठीत बोलू लागल्या. मला आणि मुलाला बाहेर बसवलं. आठवडाभर जे घरात तोंडातून निघालं नव्हतं, ते तिनं त्या न दिसणाऱ्या बाईंना चटकन सांगून टाकलं: कधीपासून होतंय, काय घेतलं, किती घेतलं. मुलगा दुभाषा म्हणून उभा असता तर त्यातलं निम्मं गिळलं गेलं असतं. घरातल्या माणसानं भाषांतर करायची हौस अशा वेळी बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेर बसवण्याचं आणखी एक कारण असतं. "घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का? कुणी त्रास देतं का?" असं एकटं गाठून विचारतात. सगळ्यांनाच विचारतात, पण आमच्या हिला ते फार लागलं. "माझ्या मुलाचं घर आहे ते," असं तिनं ठणकावून सांगितलं म्हणे. आणि दुखणं शून्य ते दहा यात किती, हा प्रश्न तर दर तासाला. आपल्या बायका कळवळत असल्या तरी "आहे जरासं" म्हणतात, आणि त्या "जरासं"चे दोन लिहिले जातात. आकडा आहे तेवढा सांगावा.

नाव आणि जन्मतारीख यांचाही घोळ होतो. महाराष्ट्रात विवाहित स्त्रीच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुधा तिचं आणि नवऱ्याचं नाव सलग असतं. त्यामुळं ती माझ्या नावासकट हाक मारली जात होती. ते ठीक, पण विम्याच्या कार्डावर नाव वेगळ्या तऱ्हेनं असेल तर दाव्याच्या वेळी कागद जुळत नाहीत. पॉलिसी काढताना पासपोर्टवर अक्षरशः जसं आहे तसंच नाव घालावं. तारखेत तिकडं महिना आधी लिहितात. ७ ऑगस्टला जन्मलेल्या माणसानं सवयीनं ७/८ लिहिलं की कागदोपत्री त्याचा जन्म ८ जुलैला होतो. महिना अक्षरात लिहिला की प्रश्न मिटतो.

आता त्या चार गोळ्यांबद्दल. नर्सनं "काय घेतलं ते दाखवा" म्हटल्यावर पर्समधून पट्टीचा तुकडा निघाला. त्यावर ना औषधाचं नाव, ना मुदत. आम्ही दुकानदार कात्रीनं पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर जातं आणि मुदत दुसऱ्यावर. गल्लीत ते चालतं, कारण उद्या कुणी विचारायला आलं तर दुकानदाराला आठवतं. तिथल्या डॉक्टरांसाठी ती एक अनोळखी पांढरी गोळी होती. शिवाय अर्धवट घेतलेल्या ॲन्टिबायोटिकनं जंतू मरत नाहीत आणि लघवीच्या कल्चरमध्ये सापडतही नाहीत. डॉक्टरांना अंदाजानं औषध निवडावं लागतं. तेव्हा परदेशी नेताना कापलेली पट्टी घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो. अख्ख्या पट्ट्या, मूळ वेष्टनात.

तिच्या रोजच्या गोळ्यांत व्हिल्डाग्लिप्टिन आहे. डॉक्टरांनी ते नाव संगणकात शोधलं, कारण ते औषध अमेरिकेत मंजूर झालेलंच नाही. टेनेलिग्लिप्टिन नाही, ग्लिक्लाझाइडही नाही. आपल्याकडच्या मधुमेह्यांपैकी किती जण यातलं काहीतरी रोज घेतात, ते मी गल्ल्यामागून पाहिलेलं आहे. औषधांची बॅग हरवली तर तिथल्या डॉक्टरला तीच गोळी लिहून देता येणार नाही, दुसरी बसवावी लागेल, आणि नव्या गोळीवर साखर स्थिरावेपर्यंत मुक्काम संपेल. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकच विचारा: यातली कोणती औषधं तिकडं मिळत नाहीत आणि मिळालं नाही तर बदली काय? उत्तर इंग्रजीत, त्यांच्या लेटरहेडवर, ब्रँडच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावानं लिहून घ्या. त्याच कागदावर आजार, ॲलर्जी, शस्त्रक्रिया, शेवटची एचबीए१सी आणि रक्तगट. इसीजीची जुनी प्रत असेल तर सोबत. छातीत दुखलं तर डॉक्टर नवा इसीजी काढतात, पण फरक कळायला जुना लागतो.

स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांची औषधं नेता येतात, असं तिथल्या औषध प्रशासनाचं धोरण आहे. त्याहून लांबचा मुक्काम असेल तर डॉक्टरांच्या पत्रात मुक्कामाचा काळ आणि रोजचे डोस स्पष्ट हवेत. गोळ्या डब्यांत ओतून नेऊ नका. निम्म्या नवऱ्याच्या हातबॅगेत, निम्म्या बायकोच्या. एक बॅग गेली तरी दुसरी राहते. इन्सुलिन कधीच मोठ्या सामानात नको, विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल तर जास्त सावध राहा. ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेच्या काही गोळ्या यांच्यावर तिथं कडक निर्बंध आहेत आणि पूर्वपरवानगी लागते. खसखसही तिथं बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. नातवासाठी अनारसे नेणाऱ्या आजीनं विमानाचा मार्ग आधी बघावा.

विमान म्हटलं की लोक रक्ताच्या गुठळीला घाबरतात. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली मांडलं होतं. दुप्पट झाला तरी निरोगी माणसाला तो थोडाच. पण गुडघा बदललेला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा पूर्वी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. बाकीच्यांनी कडेची जागा घ्यावी. खिडकीतून पंधरा तास ढगच दिसतात. कडेच्या जागेवरचा माणूस उठतो, चालतो, पाणी पितो आणि मुतारीला जातो. केबिनमधली हवाही समुद्रसपाटीवरच्या हवेसारखी नसते. सहा ते आठ हजार फुटांवर असेल तेवढी ती विरळ असते. कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट. दम्याच्या किंवा हृदयाच्या माणसाला इथं जिना चढताना धाप लागत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांशी बोलायची आहे. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ‘ग्लिफ्लोझिन’वाली गोळी असेल तर ती साखर लघवीतून बाहेर काढते, अशा माणसानं पाणी कमी करणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. पश्चिमेला जाताना दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो, मधल्या काळात इन्सुलिनचं काय करायचं हेही लिहूनच घ्यावं. विमानात अंदाज करत बसू नये.

तिकडं पोचल्यावर पहिल्याच दिवशी, प्रवासाचा शीण उतरायच्या आत, मुलाला किंवा सुनेला तीन पत्ते विचारावेत: फार्मसी कुठली, अर्जंट केअर कुठलं, रुग्णालय कुठलं. अर्जंट केअर हा प्रकार आपल्याकडं नाही. अपॉइंटमेंट न घेता जाता येतं, बहुतेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत आणि शनिवार-रविवारीही उघडं असतं. उन्हाळी, खोकला, कानदुखी, मुरगळलेला पाय, टाके घालण्याजोगी जखम, एवढं तिथं होतं. दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं तर आमचंही काम तिथं तासाभरात झालं असतं, लघवीची तपासणी आणि ॲन्टिबायोटिकची चिठ्ठी, बस्स. इमर्जन्सीत जाणं वेगळं. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, शुद्ध हरपणं, थांबत नसलेला रक्तस्राव, याला ९११ फिरवायचा, मुलाच्या ऑफिसात फोन करत बसायचं नाही. आपला पत्ता झिपकोडसकट फ्रीजवर चिकटवून ठेवा. घाबरल्यावर मुलाच्या घराचा नंबरसुद्धा आठवत नाही.

विम्याबद्दल दुकानात बसून मी जितकं ऐकलंय तितकं औषधांबद्दलही ऐकलं नसेल. "सगळ्यात स्वस्त कुठली?" हा पहिला प्रश्न. स्वस्त पॉलिसी बहुधा ठरावीक रकमेच्या असतात: खोलीचे रोजचे इतके, डॉक्टरचे इतके, स्कॅनचे इतके. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो आणि उरलेला तुमच्या मुलाच्या गळ्यात पडतो. दुसऱ्या प्रकारात वजावटीची रक्कम तुम्ही भरायची आणि त्यापुढचा खर्च, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत, कंपनी बहुतांशी उचलते. हप्ता जास्त, पण घ्यायची ती हीच. एक लाख डॉलरच्या खालची पॉलिसी मी कुणाला सुचवत नाही. हृदयविकारानं भरती व्हावं लागलं तर तेवढेही पुरतीलच असं नाही.

खरी मेख जुन्या आजारांत असते. मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या नेहमीच्या उपचारांचा खर्च या पॉलिसी देत नाहीत. जुना आजार अचानक, पूर्वसूचनेशिवाय उफाळला तरच काही पॉलिसी देतात, तेही वयाच्या आणि रकमेच्या मर्यादेत. आमच्या अर्जाच्या वेळी एजंट म्हणाला होता, "मधुमेह कशाला लिहिताय, हप्ता वाढेल." लिहिला. रुग्णालयातून दावा गेल्यावर कंपनीनं पहिलं काय मागितलं असेल तर आधीच्या दोन वर्षांचे वैद्यकीय कागद: हा संसर्ग जुना तर नव्हे? मधुमेह लपवला तर नाही? फॅमिली डॉक्टरांनी सांगलीतून पत्र पाठवलं, अर्जात मधुमेह लिहिलेला होताच, गाडी पुढं सरकली. भरती झाल्यावर किती तासांत कळवायचं याची अट प्रत्येक पॉलिसीत असते, बहुधा एक-दोन दिवसांची. मदत क्रमांक मुलाच्याच नव्हे तर स्वतःच्या फोनमध्येही हवा. आणि दातांचं काम, डोळ्यांचा नंबर असल्या गोष्टी इथूनच उरकून निघा. दुसरा चष्मा बरोबर ठेवा. तिथं चष्म्यालाही डॉक्टरची चिठ्ठी लागते.

बाळंतपणाला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथले बालरोगतज्ज्ञ आजी-आजोबांनाही डांग्या खोकल्याची लस घेतली का विचारतात, कारण तान्ह्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो आणि बहुधा घरातल्या माणसांकडूनच लागतो. टीडॅप नावाची ती लस आपल्याकडंही मिळते. बाळाला जवळ घेण्याआधी निदान दोन आठवडे घेतलेली असावी. थंडीत जाणार असाल तर फ्लूचीही घ्या. प्रमाणपत्र सांभाळा, नाहीतर लेक फोनवर पुन्हापुन्हा विचारत राहते.

घरात रांगतं-चालतं नातवंड असेल तर आजी-आजोबांच्या गोळ्या हीच घरातली सगळ्यात धोकादायक वस्तू असते. तिकडच्या औषधाच्या बाटल्यांना लहान मुलांना न उघडता येणारं झाकण असतं. १९७० पासून तसा कायदाच आहे. आपल्या पट्ट्या आणि सोमवार-मंगळवारचे प्लास्टिकचे डबे मात्र कुणालाही उघडतात. ग्लिमेपिराइडची एक गोळी दोन वर्षांच्या मुलाची साखर जीव जाण्याइतकी खाली आणू शकते, आणि परिणाम काही तासांनी दिसतो. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनचंही तसंच. उशाशी, पर्समध्ये, ओट्यावर गोळ्या नकोत; कुलूप लागेल अशा कपाटात हव्यात. पोरानं तोंडात घातली असं नुसतं वाटलं तरी १-८००-२२२-१२२२ हा विषबाधेच्या मदतीचा मोफत क्रमांक फिरवायचा, मूल मरगळलेलं असेल तर थेट ९११. खेळतंय, हसतंय म्हणून थांबायचं नाही.

तापाची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. आपलं पॅरासिटामॉल तिकडं ॲसिटामिनोफेन, टायलेनॉल म्हणून सगळीकडं दिसतं. सर्दीच्या तयार औषधांतही तेच मिसळलेलं असतं. लोक क्रोसिन बरोबर नेतात, वरून मुलगा सर्दीचं सरबत आणून देतो, आणि दिवसाला चार ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडली जाते. यकृत त्याची तक्रार लगेच करत नाही. निमेसुलाइडची गोळी आपल्या घरोघरी असते. अमेरिकेत तिला कधी मंजुरी मिळाली नाही. इथंच ठेवून जा.

बाकी धोके साधे आहेत. न्हाणीघरात टब असतो, त्याच्या काठावरून पाय उचलून आत जावं लागतं, आणि टबाबाहेरच्या जमिनीला निचरा नसतो. बादलीनं अंघोळ करायला गेलं की बाहेर तळं होतं आणि माणूस घसरतो. पहिल्याच आठवड्यात न घसरणारी चटई आणि भिंतीला पकडायचा दांडा लावून घ्या. रस्ता ओलांडताना गाडी आधी डावीकडून येते. आपली मान आयुष्यभर आधी उजवीकडं वळलेली असते. चालण्याचा दिवा लागला तरी उजवीकडं वळणारी गाडी येऊ शकते. एप्रिल ते जून परागकणांनी डोळे चुरचुरतात, त्याची गोळी फार्मसीत चिठ्ठीविना मिळते. गवतातून फिरून आल्यावर पाय, गुडघ्यामागची लवण, कंबर तपासा. न्यू जर्सीत हरणं अंगणात येतात आणि त्यांच्यावरची गोचीड लाइम रोग देते. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-काडी काही लावायचं नाही. नंतर गोल चट्टा पसरला तर अर्जंट केअरला जायचं. आणि रोज कुठंतरी चालायला जा, माणसात जा. चार भिंतींत दिवस काढून रक्तदाब वाढलेले लोक मी परत आल्यावर दुकानात पाहिलेत.

बिलं मात्र घरी येऊनही पाठ सोडत नाहीत. रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं आणखी वेगळं, ज्यांचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं. पहिलं बिल आल्याबरोबर भरायची घाई करू नये. आधी तपशीलवार बिल मागावं, विमा कंपनीनं किती दिलं ते बघावं, आणि तरीही जड जात असेल तर रुग्णालयाकडं आर्थिक मदतीचा अर्ज मागावा. असे अर्ज असतात, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आमचं शेवटचं पाकीट आम्ही सांगलीला परतल्यावर मुलाच्या पत्त्यावर आलं. त्यानं फोटो पाठवला, मी तो कंपनीला पाठवला, आणि वजावटीची रक्कम सोडून बाकीची कंपनीनं भरली.